नुसती बटणं दाबून माणूस दमतो का?

पत्र थोडक्यात: सिंधुदुर्गातल्या एका औद्योगिक वसाहतीत, छोट्या वर्कशॉपमध्ये सीएनसी, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या मशीनचे, ऑपरेटर असलेल्या ३२ वर्षांच्या वाचकाचं हे पत्र. आयटीआयला टर्नर ट्रेड, नंतर काही वर्षं चाकणला नोकरी, लॉकडाउनमध्ये गावी परत. वर्कशॉपमध्ये मालक धरून १२ माणसं. आधी या वाचकाकडे दोन लेथ (धातूचा तुकडा फिरवून कातणारी मशीन) होते. अक्षय्य तृतीयेला मालकांनी एक जुनं व्हीएमसी (फिरत्या हत्यारानं धातू कोरणारं मशीन) आणलं आणि तेही वाचकाच्याच गळ्यात पडलं. “सायकल चालू असताना तू उभाच तर असतोस,” हे मालकांचं म्हणणं. (सायकल म्हणजे एक जॉब, एक सुटा भाग, तयार व्हायची मशीनची एक फेरी.) तेव्हापासून संध्याकाळी डोकं सुन्न होतं, घरी दोनदा हाक मारली तरी कळत नाही, रात्री अलार्म वाजल्यासारखं वाटून जाग येते. गेल्या महिन्यात ऑफसेट, म्हणजे मशीनला द्यायचा मापाच्या दुरुस्तीचा आकडा, टाकताना चूक झाली, ३८ जॉब रिजेक्ट झाले, आणि मालक पगारातून पैसे कापायचं म्हणतायत. जन्म आंब्याच्या बागांत गेलेले वडील म्हणतात, “नुसती बटणां दाबतंस मा, मगे दमतंस कित्याक?” वेळ भरून काढायला हे वाचक चहाची सुट्टी घेत नाहीत. हेल्परला काही शिकवायचं त्यांनी आजवर टाळलंय, कारण “त्याला आलं तर माझी किंमत काय?” त्यांनी दोन प्रश्न विचारलेत. “माझ्या डोक्यात बिघाड झालाय का? निमूट सहन करू, की परत चाकण गाठू?”

नमस्कार,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे पुढचं जरा निवांत वाचाल. पत्रावरून तरी तुमच्या डोक्यात बिघाड दिसत नाही. तुम्ही दमलायत. ही दमणूक हातापायांत उतरत नाही, म्हणून तुमचा स्वतःचाच तिच्यावर विश्वास बसत नाहीये. ‘नाटकं वाटतील, पण’ असं तुम्ही एके ठिकाणी लिहिलंय. नाही वाटली.

वडिलांच्या प्रश्नापासून सुरुवात करू. प्रश्न खोचक आहे, पण खोटा नाही. ज्यांनी उन्हातान्हात झाडावर चढून घळीनं, म्हणजे जाळी लावलेल्या काठीनं, आंबे उतरवले, त्यांना पंख्याखाली उभा राहून दमणारा मुलगा समजत नसेल तर नवल नाही. त्यांना एकच विचारा. आंबा तयार व्हायला लागला की राखण करावी लागते. त्या दिवशी चढायचं नसतं, पेट्या वाहायच्या नसतात. वानरांचा कळप कुठल्या बाजूनं येतोय एवढंच बघायचं असतं. कधीकधी तो येतही नाही. मग संध्याकाळी माणूस गळून का जातो? हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाला हेच कोडं पडलं होतं. पाणबुड्या शोधायला रडारच्या पडद्यासमोर बसवलेले धडधाकट जवान थोड्या वेळानं समोरची खूणच चुकवायला लागायचे. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञानं घड्याळासारख्या तबकडीवर एक काटा टकटक पुढे सरकवून प्रयोग केले. मधेच केव्हातरी काटा दुप्पट उडी मारायचा, तेवढं टिपायचं. १९४८ साली त्यानं निष्कर्ष छापले. पहिल्या अर्ध्या तासातच माणसांच्या नजरेतून उड्या निसटायला लागल्या होत्या. ते सगळे निरोगी, तरुण, निवडून घेतलेले लोक होते. तुमची शिफ्ट आठ तासांची आहे, आणि गणपतीच्या आधी बारा तासांची.

शिवाय तुमचं काम नुसत्या राखणीचं नाहीच. पत्रातले आकडे घेऊन मी जरा हिशोब मांडला. लोड-अनलोड धरून एका लेथची सायकल ४ मिनिटांची, दुसऱ्याची ६ ची, व्हीएमसीची ११ ची. म्हणजे तासाला पंधरा, दहा आणि पाच-सहा. दर दोन मिनिटांनी कुठलं ना कुठलं मशीन थांबून तुमची वाट बघतं. आणि दर बारा मिनिटांनी दोन्ही लेथ एकदमच थांबतात. त्यातच मायक्रोमीटर लावायचा, बर (कडेची नको असलेली धार) काढायची, चिप्स ओढायच्या, कूलंट बघायचं, इन्सर्ट (कापणारं पातं) फिरवायचा, रजिस्टर भरायचं. पावसाळ्यात लाइट गेली तर टूल जॉबमध्येच अडकलेलं, ते सोडवून सगळं पुन्हा होमला, म्हणजे सुरुवातीच्या जागी, आणायचं. मालकांना लांबून उभा माणूस दिसतो. त्याच्या डोक्यात एकाच वेळी तीन घड्याळं चालू असतात, ती कुणाला दिसत नाहीत.

लिझॅन बेनब्रिज नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ सालीच एका लेखात दाखवून दिलं होतं की यंत्र स्वयंचलित केलं की सोपं काम यंत्राकडे जातं आणि त्याला जे जमत नाही ते नेमकं माणसाच्या वाट्याला उरतं. सगळं सुरळीत असताना बघत राहायचं, आणि बिनसलं की क्षणात योग्य तेच करायचं. ‘बटण दाबायचं काम’ या शब्दांत हे दुसरं काम कुठेच येत नाही.

आता ती ३८ जॉबची चूक. तुम्ही पत्रात तीनदा लिहिलंय, ‘मी लक्ष द्यायला हवं होतं.’ मला हे पटत नाही. तुमच्याच वर्णनावरून ती अडीच तासांची हकीगत पुन्हा लावून बघते.

लेथच्या वेअरच्या, म्हणजे हत्याराची झीज भरून काढणाऱ्या ऑफसेटच्या, रकान्यात ०.१५ होतं. इन्सर्ट झिजत आला, व्यास २० मायक्रॉन (०.०२ मिलिमीटर) जास्त यायला लागला, म्हणून त्यातून ०.०२ कमी करायचे होते. आकडा टाइप केला आणि तेवढ्यात मागे व्हीएमसीचा अलार्म झाला. बोट ‘प्लस इनपुट’वर जायचं ते ‘इनपुट’वर गेलं. आधीच्या आकड्यातून वजाबाकी व्हायची, त्याऐवजी आधीचा आकडाच पुसला गेला आणि तिथे उणे ०.०२ बसलं. व्यास हवा होता त्यापेक्षा ०.१५ मिलिमीटरनं लहान. तुम्ही तिकडे धावलात. टूल तुटलं होतं. ते बदलून, नव्या टूलची लांबी मोजून, पहिला जॉब पास होईपर्यंत अडीच तास गेले. तोवर इकडे हेल्पर इमानेइतबारे जॉब लावत आणि काढत राहिला. त्याला मायक्रोमीटर वाचता येत नाही.

यात बेफिकिरी कुठे आहे? उलट दोन्हीकडे लक्ष देण्याच्या धडपडीतच चूक झाली. हाताचं काम अर्धवट असताना दुसरीकडे वळावं लागलं की मन ती पायरी ‘झाली’ म्हणून मिटवून टाकतं. कितीही हुशार माणूस असला तरी हे होतं. ‘उद्यापासून जास्त लक्ष देईन’ असं ठरवणं म्हणजे आधीच भरलेल्या डोक्यावर चौथं काम ठेवणं. त्यापेक्षा लक्ष नसतानाही चूक पकडली जाईल अशी सोय करावी. तुमच्यासारख्या छोट्या युनिटमध्ये ती फुकटात होते.

मी एकच नियम सुचवेन. ऑफसेट बदलला की त्यानंतरचा पहिला जॉब मोजल्याशिवाय दुसरा लागणार नाही. मागे कितीही अलार्म होऊ देत. तुम्हाला जावंच लागलं तर लेथ बंद करून जायचं, चालू ठेवून नाही. दहा मिनिटं मशीन थांबलं तर दोन-तीन जॉब कमी निघतील. त्या दिवशी ३८ गेले.

दुसरं, आकडा टाकण्याआधी आणि टाकल्यावर मोठ्यानं म्हणा. ‘होतं पंधरा, हवं तेरा.’ आणि स्क्रीनवर तेराच दिसतंय ना, ते बोट ठेवून बघा. सुरुवातीला हेल्पर हसेल, हसू दे. कुडाळ स्टेशनवरून जाणाऱ्या गाडीच्या इंजिनात लोको पायलट आणि त्याचा सहायक प्रत्येक सिग्नल मोठ्यानं म्हणतात, हातानं खूण करतात, आणि तेही समोर सिग्नल ढळढळीत दिसत असताना. डोळ्यांनी बघितलेलं तोंडानं म्हणावं लागलं की हात क्षणभर थांबतो, आणि बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

चहाच्या सुट्टीबद्दल मात्र मी तुमच्याशी थोडी भांडणार आहे. ती सोडून तुम्ही वाचवता किती? दहा मिनिटं, म्हणजे तिन्ही मशीन मिळून पाचेक जॉब. मॅकवर्थच्या प्रयोगांत मधे विश्रांती मिळालेल्या माणसांची नजर पुन्हा ताळ्यावर आली होती. तुम्ही नेमकी तीच काढून टाकलीत. पत्रात आणखी एक वाक्य आहे, ‘लघवीला जायला नको म्हणून पाणीही कमी पितो.’ मे महिन्यात, कोकणातल्या दमट हवेत, पत्र्याच्या शेडखाली. हे आजच बंद करा. सुन्न डोक्याचं निम्मं कारण कदाचित तिथेच असेल.

आता मालकांशी बोलण्याबद्दल. ‘मला झेपत नाही’ असं म्हणालात तर ते ‘दुसऱ्याला झेपेल’ म्हणतील आणि विषय संपेल. त्यांनी व्हीएमसी तुम्हाला छळायला घेतलेलं नाही. त्यावर हप्ता असणार, जॉबवर्कचे दर वाढत नसणार, आणि ४५ दिवसांत पैसे द्यायचे असा २००६ चा लघुउद्योगांसाठीचा कायदा असूनही मोठ्या कंपनीकडे बिलासाठी ते हात जोडून उभे असणार. त्यांच्याही डोक्यात तीन घड्याळं असतील. म्हणून तक्रार नेण्याआधी नोंद तयार करा.

नासामध्ये सँड्रा हार्ट आणि लोवेल स्टेव्हलँड यांनी १९८८ साली कामाचा मानसिक भार मोजायची एक साधी प्रश्नावली प्रसिद्ध केली. वैमानिकांपासून परिचारिकांपर्यंत सगळ्यांसाठी ती आजही वापरतात. तिच्यात सहाच प्रश्न आहेत. डोकं किती चालवावं लागलं? अंगमेहनत किती पडली? घाई किती होती? काम आपल्या मनासारखं कितपत झालं? त्यासाठी किती जोर लावावा लागला? आणि चिडचिड, वैताग किती झाला? मूळ मोजपट्टी शंभरची आहे, तुम्ही दहापैकी गुण द्या. शिफ्ट सुटली की रजिस्टरच्या मागच्या पानावर सहा आकडे लिहायचे. शेजारी त्या दिवशी किती मशीन चालवली, किती वेळा सेटिंग (नव्या जॉबसाठी मशीनची मांडणी) बदललं, लाइट किती वेळा गेली, किती जॉब रिजेक्ट झाले, एवढं लिहायचं. फार तर तीन मिनिटांचं काम. तीनेक आठवड्यांत दिसायला लागेल की कुठल्या दिवशी घाईचा आकडा नऊवर जातो. माझा अंदाज असा आहे की तिन्ही मशीन सुरळीत चालू असलेला दिवस इतका वाईट नसेल. ज्या दिवशी एकावर नवीन सेटिंग आणि बाकी दोन्ही चालू, तो दिवस तुम्हाला खातो. अंदाज चुकला तरी बिघडत नाही, वहीत काय येतं त्यावर चाला.

अंदाज खरा निघाला तर मालकांकडे मागणी छोटी होते. ‘तिसरं मशीन नको’ म्हणायची गरजच उरत नाही. ‘व्हीएमसीवर सेटिंग चालू असेल तेवढा वेळ एक लेथ बंद ठेवू, आणि दुसऱ्यावर दर पाच जॉबला हेल्पर मोजेल. रिजेक्शन किती कमी होतं ते महिनाभर बघा.’ धंदा करणाऱ्या माणसाला ही भाषा कळते. लांब सायकलचे जॉब व्हीएमसीवर आणि छोट्या सायकलचे एकाच लेथवर लावता येतील का, तेही विचारा. वेळ मात्र बघून विचारा. गणपतीला आठवडा उरलाय, डिस्पॅचची गाडी दारात उभी आहे, तेव्हा हा विषय काढायचा नाही.

आता हेल्पर. ‘त्याला आलं तर माझी किंमत काय’, ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. छोट्या वर्कशॉपमध्ये आपल्या हातातली कला हीच माणसाची नोकरीची हमी असते, आणि स्वस्त माणूस तयार झाला की महाग माणसाला नारळ देणारे मालक असतात. पण आज तुमची स्थिती काय आहे? तुम्ही आजारी पडू शकत नाही. शिमग्याला दोन दिवस जास्त मागू शकत नाही. टूल तुटलं की अडीच तास लेथ रामभरोसे. तुमच्याशिवाय काही चालत नाही, याचा अर्थ सगळा भारही तुमच्यावरच. सगळं शिकवू नका हवं तर. सेटिंग, प्रोग्रॅम तुमच्याकडेच राहू देत. त्याला फक्त मायक्रोमीटर आणि व्हर्नियर वाचायला शिकवा, आणि माप ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं की मशीन थांबवायचा हक्क द्या. हक्क म्हणजे नंतर ओरडा न खाता. पहिल्या आठवड्यात तो दोन-चारदा उगाच थांबवेल. तेव्हा तोंड आवरा.

पगार कापण्याबद्दल. नुकसानीपोटी पैसे कापण्याआधी कामगाराला आपली बाजू मांडायची संधी द्यावी लागते आणि नुकसान त्याच्या हयगयीमुळेच झालं असावं लागतं. ही अट १९३६ च्या वेतन कायद्यात होती आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. ओव्हरटाइमचा दर दुप्पट, हेही कायद्यात आहे. गणपतीच्या आधीचे बारा-बारा तास कसे मोजले जातात ते पगाराच्या चिठ्ठीवर बघा. लगेच कामगार आयुक्तांकडे धावा असं मी म्हणत नाही. १२ माणसांच्या जागेत रोज तोंडाला तोंड द्यायचं असतं. पण वर लिहिलेली हकीगत एका कागदावर उतरवून मालकांना द्या आणि ‘एकदा बघा, मग ठरवा’ म्हणा. लिहून दिलेल्या गोष्टीला वजन येतं.

हे वाचणारे कुणी मालक असतील तर त्यांना एवढंच विचारते. तुमचा सर्वांत चांगला ऑपरेटर अलीकडे चुका करायला लागला असेल, तर आधी त्याचा मोबाइल तपासता की त्याच्याकडे किती मशीन आहेत ते?

घरचं थोडक्यात. शिफ्टवरून आल्या आल्या कुणी प्रश्न विचारला की तुम्ही खेकसता, असं लिहिलंय. बायकोला सांगून टाका की पहिला अर्धा तास मला काही विचारू नकोस, नंतर विचार. नुसतं गप्प बसण्यापेक्षा सांगून गप्प बसलेलं घरच्यांना सोसतं. आणि बारा तासांच्या शिफ्टनंतर रात्री पावसात हायवेवरून बाइकनं १४ किलोमीटर जाणं ही गोष्ट मला त्या ३८ जॉबपेक्षा जास्त काळजीची वाटते. त्या दिवसांत कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून जा, किंवा वर्कशॉपमध्येच वीस मिनिटं पडून मग निघा.

‘असंच चाललं तर मला रत्नागिरीला न्यावं लागेल’ असं तुम्ही गमतीनं लिहिलंय. तिथे मनोरुग्णालय आहे म्हणून आपल्याकडे ही थट्टा चालते, आणि या थट्टेपायी कित्येक जण वेळेवर डॉक्टरकडे जात नाहीत. तेव्हा गंमत सोडून सांगते. सुट्टीच्या दिवशीही झोप लागत नसेल, दोन आठवड्यांहून जास्त कशातच मन लागत नसेल, झोपेसाठी दारू लागायला लागली असेल, किंवा ‘नकोच हे सगळं’ असे विचार येत असतील, तर ती दमणुकीच्या पुढची गोष्ट आहे. नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा किंवा ओरोसला जिल्हा रुग्णालयात जा. १४४१६ हा केंद्र सरकारचा मानसिक आरोग्यासाठीचा टेलिमानस क्रमांक २०२२ पासून आहे. दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करायचे विचार असतील तर आजच फोन करा आणि घरच्यांनाही सांगा.

राहिलं चाकण. ते दार बंद करा असं मी म्हणणार नाही. वहीतले आकडे दाखवूनही मालक ऐकायलाच तयार नसतील, वर पैसेही कापत असतील, तर दुसरी जागा बघणं हा पळपुटेपणा नाही. फक्त तिकडे काम हलकं असेल असं गृहीत धरू नका. मोठ्या कारखान्यांतही एका माणसाकडे तीन-चार मशीन देतात. फरक एवढाच, की तिथे सेटर वेगळा असतो, क्वालिटीचा माणूस वेगळा, मेन्टेनन्स वेगळा. किंवा असावा. इथे तुम्ही घरचं जेवता, आईवडील जवळ आहेत, खोलीचं भाडं नाही. आणि आधी कुडाळ, रत्नागिरी, चिपळूणकडच्या वसाहतींतही चौकशी करून बघा, एकदम घाट ओलांडायची गरज नाही. कुठेही गेलात तरी पगाराच्या आधी चार गोष्टी विचारा. एका ऑपरेटरकडे किती मशीन? सेटिंग कोण करतं? पहिला जॉब कोण पास करतं? एक मशीन बिघडलं तर बाकीच्यांवर कोण उभं राहतं? आणि हे ठेकेदाराला विचारू नका, तिथे सध्या मशीनवर असलेल्या एखाद्या जुन्या मित्राला विचारा, तेही त्याची शिफ्ट सुटल्यावर.